कोर्टाचं गाव

अमेरिका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. मी पाहिलेली अमेरिका आमच्या बार्शीपेक्षाही लहान होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात, दोन डोंगरांमधल्या खोलगटात बसलेलं एक गाव. जिल्ह्याचं कोर्ट तिथे आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच. गावाचं नाव मी लिहीत नाही. माझ्या मुलीचं प्रकरण त्या कोर्टात चाललं, आणि तिचं नाव तिथल्या कागदांवर आधीच पुष्कळ लिहून झालं आहे.

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, अमेरिका कशी आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही. एखादं वाक्य बोलते आणि चहा ठेवायला उठते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण लिहायला बरं वाटतं, कारण लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं. तोंडानं सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

मी फिरायला गेले नव्हते. सुजाता माझी एकुलती एक मुलगी. तिचा आणि निखिलरावांचा घटस्फोट झाला. निखिलरावांना शिकागोजवळ नेपरव्हिलला नोकरी मिळाली, ते तिकडे राहायला गेले. सुजाता ज्या कारखान्यात इंजिनिअर होती तो बंद पडत आला होता, आणि नोकरी गेली की तिचा व्हिसाही जाणार होता. तिला ईराला घेऊन बार्शीला माझ्याकडे यायचं होतं. ईरा तिची मुलगी, दुसरीत शिकणारी. निखिलराव म्हणत होते, ईरा अमेरिकेत जन्मली, ती इथेच माझ्याजवळ राहील. ईरानं कुठे राहायचं ते कोर्ट ठरवणार होतं. सुजाताच्या वकीलबाईंचं म्हणणं पडलं की मूल ज्या घरात जाणार त्या घरातलं माणूस जज्जसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं. म्हणून मी गेले.

चौकातलं कोर्ट

सुजाता एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर राहत होती. खिडकीतून कोर्टाचा पांढरा घुमट दिसायचा. सकाळी उठलं की पहिल्यांदा तोच दिसायचा. आपल्याकडे एखाद्या गावात देवळाचा कळस दिसतो तसा.

कोर्ट गावाच्या बरोबर मधोमध. समोर मोठे खांब, पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली बंदूक घेतलेला दगडी शिपाई. चौकाच्या चारी बाजूंना दुकानं, पण त्यातली बहुतेक बंद. काचांना आतून कागद लावलेले. सिनेमाच्या थिएटरच्या पाटीवरची अर्धी अक्षरं पडलेली. चालू होती ती वकिलांची ऑफिसं, पैसे घेऊन जामीन राहणाऱ्याचं एक दुकान, एक बँक, आणि एक खाणावळ, जिथली वाढपीण म्हातारीला पण पोरी म्हणून हाक मारते असं ईरानं मला सांगितलं. सुजाताच्या कारखान्यात पूर्वी अर्धं गाव कामाला होतं म्हणे. आता गावाला काम पुरवणारं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे कोर्ट, आणि त्याच्या पाठीमागचा तुरुंग.

आमच्या बार्शीतही कचेरी आहे. तिथे सकाळपासून झाडाखाली टाइपरायटरची खडखड असते. स्टँप विकणारे, चहावाले, शेंगदाणेवाले असतात. खेड्यातून आलेली माणसं फडक्यातली भाकरी सोडून तिथेच खातात. भावाभावांची भांडणं सगळ्यांना माहीत असतात आणि अनोळखी माणूसही विचारतो, काय झालं हो तुमचं. या गावात कोर्टाबाहेर कोणी थांबत नाही. माणूस गाडीनं येतं, पायऱ्या चढतं, उतरतं आणि परत गाडीत बसतं. गाडी लगेच सुरू होत नाही. काच वर करून माणूस आत रडत असतं. मी माडीवरून रोज बघायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं कोणाचा तरी जीव गेला असेल. सुजाता म्हणाली, "त्या दारासमोर गाडी लावतात ती सगळी मुलांच्या केसची माणसं असतात आई. बघत नको बसूस."

एकाच इमारतीत सगळं आहे. खाली लग्नाची नोंद करायची खिडकी, तिच्या शेजारी जमिनीच्या खरेदीखतांची, त्याच रांगेत कुत्र्याचं लायसन. वरच्या मजल्यावर मुलं कोणाची ते ठरतं. आम्ही एकदा वकीलबाईंबरोबर जागा बघायला गेलो तेव्हा खाली एक जोडपं लग्नाचा कागद घेऊन फोटो काढत होतं. मुलीनं सुजाताला फोन दिला आणि फोटो काढायला सांगितलं. सुजातानं काढला, चांगला आला का तेही बघायला सांगितलं, आणि मग आम्ही वर गेलो.

पुलापलीकडे

सुजाता कामावर आणि ईरा शाळेत गेली की घरात मी एकटी. एक दिवस स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून निघाले. नदीवर लोखंडी पूल आहे, तो ओलांडला. झाडांची पानं लाल-पिवळी झाली होती आणि दर घराच्या पायरीवर केशरी भोपळे ठेवले होते. काहींना नाकडोळे कोरलेले. सणासाठी ठेवतात आणि सण झाला की तिथेच सडू देतात, खात नाहीत. इतके चांगले भोपळे बघून जीव तुटत होता.

पुलाच्या पुढे फूटपाथ संपला. गावाबाहेर चालत कोणी जातच नाही, तर फूटपाथ कशाला असेल. मी गवतातून चालत राहिले. मागून पोलिसाची गाडी येऊन थांबली. पोलीस तरुण होता, नम्रपणे बोलत होता, पण मला काही कळेना आणि भीतीनं तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मी सुजाताचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दाखवली. त्यानं मागचं दार उघडून बसवलं आणि घरापाशी आणून सोडलं. त्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही. तो बाहेर येऊन उघडेपर्यंत मी तशीच बसून होते.

ईराला फार मजा वाटली. "आजी, यू गॉट अरेस्टेड," म्हणत घरभर उड्या मारल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून आली. सुजाता मात्र पांढरी पडली. मला वाटलं तिला माझी काळजी वाटली असेल. ती पण वाटली असेल. पण तिनं विचारलं ते असं, की पोलिसानं नाव लिहून घेतलं का. निखिलच्या वकिलाला कळलं तर तो म्हणेल, जिला रस्ता सापडत नाही ती नातीला काय सांभाळणार.

त्यानंतर मी एकटी पुलाकडे गेले नाही. या देशात मी जे काही करीन त्याचं सुजाताच्या केसमध्ये काय होईल, याचा विचार करून पाऊल टाकायचं, हे मला त्या दिवशी कळलं.

लाँड्री

त्या घरात कपडे धुवायचं मशीन नव्हतं. शनिवारी आम्ही गठडी घेऊन चौकामागच्या लाँड्रीत जायचो. तिथे सगळ्या भिंतींना मशिनं लावलेली आणि मधे बाकं. तिथे डॉली भेटली. माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, सतत खोकणारी बाई. बरोबर एक नातू. तिची मुलगी नशेच्या गोळ्यांत वाहवत गेली आणि नातवाला याच कोर्टानं डॉलीकडे दिलं. ती सांगत होती आणि ईरा मधे बसून मला सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे ऐकणं बरं नव्हतं, पण थांबवायचं कसं तेही सुचेना.

या गावात निम्मी मुलं आजीआजोबांकडेच आहेत, असं डॉली म्हणाली. सुजातानं तिला विचारलं, कोर्टात तू काय बोललीस. डॉली छाती पुढे काढून बोलू लागली. ईरा हसत हसत सांगायला लागली, "आजी, ती म्हणते, शी इज द बेस्ट ग्रँडमा इन द काउंटी. तिच्याकडे घर आहे, डॉग आहे, आणि फ्रीजर भरून डिअर मीट आहे. आणि ती जजला पण घाबरत नाही."

मी पदराआड हसले. स्वतःच्या तोंडानं असं कोणी बोलतं का, आणि तेही जज्जासमोर. डॉलीनं मला कोपरानं ढोसलं आणि काही तरी म्हणाली. ईरानं सांगितलं, "ती म्हणते, तू पण असंच सांग."

त्या दिवशी आम्ही तिघी आनंदात घरी आलो. कोर्ट आजीकडे मुलं देतं, हे कळल्यावर सुजाताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. शेजारच्या पायरीवरचा एक चांगला भोपळा तिनं विचारून आणला आणि मी घारगे केले. ईरा उभ्याउभ्या खात होती. बार्शीच्या शाळेत डबा न्यायचा असतो का, तिथे डॉग आहे का, वरच्या खोलीला दार आहे का, असे प्रश्न चालले होते. मी सांगितलं, वरच्या दोन्ही खोल्या तुझ्यासाठी रंगवून आले आहे, एकीला आकाशी आणि एकीला गुलाबी रंग दिलाय, कोणती हवी ती घे. ती म्हणाली, "बोथ."

ज्वारीचं पीठ आणायला स्टेट कॉलेज नावाच्या दुसऱ्या गावी जावं लागायचं. सुजाता तिथल्याच विद्यापीठात शिकली. तेव्हा पाच जणी एका फ्लॅटमध्ये राहायच्या. दुकानात दोन मराठी मुलं भेटली, शिकायला आलेली. मला साडीत बघून लगेच जवळ आली. "काकू, इंडियातून आलात? फॉल कलर्स बघितले का? मस्त असतात यार, मिस करू नका." मी हो म्हणाले. सुजाता मसाल्याच्या पाकिटांकडे तोंड करून उभी राहिली.

निखिलराव

दर पंधरा दिवसांनी निखिलराव गाडी चालवत यायचे आणि ईराला दोन दिवस हॉटेलवर घेऊन जायचे. पहिल्यांदा आले तेव्हा दारातच वाकून माझ्या पाया पडले. मी सुखी राहा म्हणाले. दुसरं काय म्हणणार. सुजाता आतल्या खोलीत निघून गेली होती. मी चहा विचारला, ते नको म्हणाले, मी केलाच. उभ्यानं प्यायले. थकलेले दिसत होते. माणूस वाईट नाही. मी हे आजही लिहीन. त्या दोघांचं काय बिनसलं ते मला नीट माहीत नाही. सुजातानं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ते बार्शीला आले होते. नागपूरचं मोठं घर त्यांचं, म्हणून मला धाकधूक होती. ह्यांनी फंडाच्या पैशातून माडी चढवली होती, तिथली एक खोली जावयांना दिली. मी म्हणाले, आमचं घर लहान आहे, गैरसोय होईल. तर म्हणाले, "आई, इतका वारा आमच्या नागपूरच्या घरात कुठे आहे? मी तर इथेच राहतो." ह्यांना इतका आनंद झाला की चारचौघांना सांगत फिरले. हे गेले तेव्हाही निखिलराव आठ दिवस त्याच खोलीत राहिले आणि सगळं त्यांनी मुलासारखं केलं.

चहा पिऊन कप ठेवताना ते म्हणाले, "आई, तुम्हाला यात यायला लागलं, मला बरं नाही वाटत." ईरा बॅग घेऊन जिना उतरत होती.

साक्ष

साक्षीच्या दिवशी पानं सगळी गळून गेली होती. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, चौकात एका ट्रकच्या मागे हरीण बांधलेलं होतं आणि केशरी टोप्या घातलेली माणसं खाणावळीत जात होती. मी इरकल साडी नेसले होते. वरून सुजाताचा कोट.

वकीलबाईंचं नाव लिंडा. मोठ्या, मायाळू बाई. त्यांनी सुजातामार्फत मला एवढंच समजावलं होतं की विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं, भ्यायचं नाही. घर कसं आहे, शाळा किती लांब, मुलीला कोण बघणार, हे विचारतील. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. खाली तीन खोल्या, वर दोन, गच्ची. नळाला पाणी. शाळा दोन गल्ल्या सोडून.

खोली लहानच होती. लाकडी बाकं, झेंडा, पांढऱ्या भुवयांचे जज्जसाहेब. निखिलराव पलीकडच्या टेबलाशी. मला उंच खुर्चीवर बसवलं. माझ्यासमोर फोन ठेवला होता आणि त्यातून एका बाईचा आवाज आला. "नमस्कार काकू. मी दुभाषी बोलतेय. तुम्ही जे बोलाल तेच मी इंग्रजीत सांगणार, कमी-जास्त काही सांगणार नाही."

महिना-दीड महिन्यात घराबाहेरच्या बाईचं इतकं स्वच्छ मराठी मी ऐकलं नव्हतं. पुण्याकडची असावी, शिकलेली, घरंदाज. माझी भीती गेली. आपल्याकडे कोणी पाहुणी बाई आली आणि ओसरीवर बसून चौकशी करायला लागली, असं वाटलं. तिथेच माझं चुकलं, असं मला वाटतं. परक्या भाषेत विचारलं असतं तर मी शाळेतल्यासारखी घोकलेली उत्तरं दिली असती.

लिंडाबाईंचा प्रश्न आला, तुमच्या घराबद्दल सांगा. आणि त्या मराठी आवाजाला माझ्या तोंडातून आपोआप उत्तर गेलं.

"घर कसलं हो, आपलं गरिबाचं खोपटं आहे."

इंग्रजीत ते गेलं. लिंडाबाईंनी हातातला कागद परत वाचला. मग विचारलं, खोल्या किती. मी म्हणाले, "आहेत चार-पाच, पण लहानच."

आपल्या घराची तारीफ आपणच कशी करायची? आपण नाही म्हणायचं आणि पाहुण्यानं म्हणायचं, अहो काय सुंदर घर आहे. जन्मभर हेच केलं, हेच ऐकलं. मी बोलून गप्प राहिले, कारण आता समोरच्यानं म्हणायचं होतं. फोनमधली बाई काही म्हणाली नाही. तिचं काम ते नव्हतं.

मग जज्जसाहेबांनी स्वतः विचारलं, मुलगी कामावर गेल्यावर नातीला तुम्ही सांभाळाल का. डोळे मायाळू होते त्यांचे. इतक्या मोठ्या माणसासमोर हो, मी सांभाळीन, मी सगळं करीन, असं म्हणणं मला उर्मटपणाचं वाटलं. मी म्हणाले, "मी काय सांभाळणार, करू जमेल तसं." शिक्षणाचं विचारलं. "मी अडाणी बाई, मला त्यातलं काय कळतंय."

सुजाता डोळे मिटून बसली होती. तिला बोलायची परवानगी नव्हती.

शेवटी निखिलरावांचा वकील उठला. तरुण, नीटनेटका. त्यानं एकच विचारलं, तुमचे जावई वडील म्हणून कसे आहेत. निखिलराव समोर बसलेले. जावयाच्या तोंडावर त्याला कोणी वाईट म्हणतं का? आणि मुलीची आई मी. मी दोन्ही हात जोडले, त्यांच्याकडे बघून म्हणाले, "देवमाणूस आहेत. आमच्याच मुलीचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या."

फोनमधल्या बाईंनी तेही शब्दाला शब्द सांगितलं. सांगण्याआधी त्या जराशा अडखळल्या. वकील म्हणाला, त्याला आणखी काही विचारायचं नाही.

मी निखिलरावांकडे बघत होते. त्या खोलीत माझं बोलणं खऱ्या अर्थानं कळणारी माणसं दोनच होती. एकीला बोलता येत नव्हतं. दुसरा माणूस गुडघ्यावरचे हात बघत बसला होता.

निकाल

निकालापर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. पहिला बर्फ पडला. पायऱ्यांवरचे भोपळे काळे पडून खाली बसले. सुजाता मला काही बोलली नाही. एकदाही नाही. जेवायला वाढायची, औषध घेतलंस का विचारायची. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "आई, तू खोटं काही बोलली नाहीस." आणि नळ सोडून भांडी घासायला लागली.

लाँड्रीत डॉलीनं अंगठा वर करून विचारलं, कसं झालं. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

निकाल जज्जसाहेबांनी वाचून दाखवला. बराच वेळ वाचत होते. मला काही कळत नव्हतं, पण एका ठिकाणी 'ग्रँडमदर' हा शब्द आला आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चांगल्या नजरेनं. लिंडाबाईंनी सुजाताच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला समजलं.

जिन्यात सुजातानं सांगितलं. ईरा निखिलकडे राहणार. सुजातानं सुट्टीत भेटायचं, पण अमेरिकेतच. वडिलांच्या लेखी परवानगीशिवाय ईराला देशाबाहेर नेता येणार नाही. मी विचारलं, साहेब माझ्याबद्दल काय म्हणाले. ती म्हणाली, काही नाही, तुझं नाव फक्त साक्षीदार म्हणून घेतलं. लिंडाबाईंचं म्हणणं, मूल एकदा भारतात गेलं की या कोर्टाचा हुकूम तिथे चालत नाही, जज्जांना भीती तीच होती, साक्ष कशीही झाली असती तरी निकाल हाच लागला असता. सुजातानं हे मला दोनदा सांगितलं. खरं असेलही. मला ते कधीच कळणार नाही.

खाली लग्नाच्या खिडकीशी कोणी नव्हतं. बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. सुजातानं काच वर केली. मी पुढे दगडी शिपायाकडे बघत राहिले.

सुजाता माझ्याबरोबर आली नाही. ईराच्या जवळपास राहता यावं म्हणून तिनं नेपरव्हिलपासून गाडीच्या अंतरावर एका कॉलेजात नाव घातलं, म्हणजे विद्यार्थिनी म्हणून तिला त्या देशात राहता येईल. एकदा शिकून झालेली, नोकरी केलेली बाई, पुन्हा तीन पोरींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहणार. ते शिक्षण संपलं की पुढे काय, हे ती बोलत नाही.

शनिवार

निखिलराव ईराला न्यायला शनिवारी सकाळी आले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलं होतं, गाड्या पांढऱ्या झाल्या होत्या. सुजातानं ईराची बॅग भरली, तिच्या कोटाची चेन लावली, टोपी घातली, टोपी काढून केस नीट केले, परत घातली. मग म्हणाली, "आई, तू खाली नेऊन सोड. मला जमणार नाही." ईरा तिच्या गळ्याला लोंबकळली आणि म्हणाली, "मम्मा, इट्स ओके, आय विल कॉल यू एव्हरी डे." जिना उतरताना तिनं माझं बोट धरलं होतं. खाली आल्यावर सोडलं.

निखिलराव पाया पडायला वाकले. मी या वेळी काही म्हणाले नाही. त्यांनी ईराला मागच्या सीटवर बसवलं, बॅगा ठेवल्या, दार लावलं. आता ते जाणार, आणि पुन्हा मला हे विचारायला मिळणार नाही, एवढंच मला वाटलं. मी विचारलं, "जज्जसाहेब माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"जाऊ द्या ना आई."

"सुजाता सांगणार नाही. तुम्ही सांगा."

ते गाडीच्या टपावरचा बर्फ हातानं लोटत राहिले. मग म्हणाले, "ते म्हणाले की आजीनं प्रामाणिकपणे सांगितलं, घर अपुरं आहे, आणि मुलीची जबाबदारी घेणं तिला झेपणार नाही. आजीच्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं."

"तुम्ही त्या घरात राहिलात."

"हो."

"मी असं का बोलले, ते तुम्हाला कळत होतं."

जन्मात जावयाशी मी इतकं सरळ बोलले नव्हते. निखिलराव माझ्याकडे बघत नव्हते. काचेतून आत ईराकडे बघत होते. तिनं काचेवर वाफ सोडून बोटानं काही तरी काढायला घेतलं होतं.

"कळत होतं," ते म्हणाले. "पण मलाही ती हवी होती ना, आई."

ते गाडीत बसले, पट्टा लावला, गाडी चौकाला वळसा घालून कोर्टाच्या पलीकडे दिसेनाशी झाली. ईरा शेवटपर्यंत हात हलवत होती.

वर आले तेव्हा सुजाता खिडकीपाशी नव्हती. आतल्या खोलीत, ईराच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"गेली?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "गेली."